पस्तीस हजारांचं पेन

पस्तीस हजार ऐकून दचकू नका.
आमच्या डोंगमध्ये तेवढ्यात सकाळची एक वाटी हूतिऊ येते,
वर कोथिंबीर, मागितली तर.
सादेकच्या बाजारात, पुलाजवळच्या दुकानात
वह्यांच्या गठ्ठ्यामागून पोरानं ते काढून दिलं:
निळं प्लास्टिक, टोपणावर एक ओरखडा.
ओरखड्याचे दोन हजार कमी कर म्हटलं. नाही केले.

पेन माझ्यासाठी नव्हतंच.
नात दिएप तिसरीत गेली. तिच्या बाईंचा नियम:
शाईचंच पेन, जांभळीच शाई,
आणि नवी निब आधी कुणी मोठ्यानं आठवडाभर चालवावी,
नव्या चपलेसारखी.
घरात रोज लिहिणारा मी एकटा.
रोपवाटिकेची वही माझ्याकडे,
एकतीस वर्षं.

पहिल्या दिवशी निब कागदाला चावली.
'शेवंती, पिवळी, साठ कुंड्या'
यातल्या शेवंतीतच अडकली,
दाताच्या फटीत काडी अडकावी तसा
कागदाचा एक तंतू घेऊन
खालच्या ओळीपर्यंत फरफटत गेली.
मी दाबलं.
माझा हात कार्बनच्या कागदावर वाढलेला:
एक प्रत मालकाला, एक नावाड्याला, एक आपल्याला;
तिसरीपर्यंत पोचायचं तर
अंगठ्यानं भांडावं लागतं.
पेन भांडलं नाही. त्यानं शाई सोडून दिली.
साठ कुंड्या एका जांभळ्या डबक्यात.

"आजोबा, तुम्ही त्याला मारताय,"
दिएप पलीकडून म्हणाली.
"नुसतं टेकवा. मग चाला."

टेकवलं.
चाललो.
बुधवारी, की गुरुवारी, दुपारी केव्हातरी
अंगठ्याचं दुखणं आठवायला गेलो
आणि ते जागेवर नव्हतं.

आणखी एक झालं, सांगायला लाज वाटते.
आमच्या अक्षरांच्या डोक्यावर टोप्या असतात,
कानाशी आकडे, पायाशी टिंबं;
ती गाळली की नावाचा अर्थच बदलतो.
घाईत मी ती गाळत आलो होतो.
एकतीस वर्षं गिऱ्हाइकं माझ्या वहीत
बोडक्या डोक्यानं उभी.
आता टिंब द्यायला काही करावंच लागत नाही,
निब टेकली की टिंब.
ताम ल्यूमच्या नावाला पहिल्यांदा सगळं घातलं,
आकडे, खालचं टिंब.
मग पुढे लिहिलं: चाळीस कुंड्या, उधार.

तेतचा सण तोंडावर. पाण्यावरच्या फळ्यांवर
फुलांच्या रांगा, मधून होड्या,
होडीत कुंड्या, कुंड्यांत मी, मांडीवर वही.
शेजारची इंजिनाची होडी जवळून गेली
आणि एक लाट सरळ पानावर.
बॉलपेनचं सगळं जसंच्या तसं.
जांभळं मात्र निघालं. नाव, टिंब, उधारी,
सगळं मिळून एक फिकट ढग,
कडेला जरा गुलाबी.
खरं सांगतो, बघायला वाईट नव्हतं.

चाळीस मला पाठ होतं. लिहिलं नाही लगेच.
का, ते विचारू नका, हात ओले होते म्हणा.
संध्याकाळी ताम ल्यूम स्वतःच धक्क्यावर आली,
टोपीचा बंद सोडत पैसे मोजू लागली.
"बेचाळीस ना?"
मी ढगाकडे बघितलं. ढग काही बोलेना.
"दोन मी मागाहून उचलल्या होत्या,
तुम्ही जेवत होतात."

रविवारी पेन दिएपला दिलं.
तिनं ज्वाळेतलं काही तपासावं तशी निब लांब धरून पाहिली,
तीन ओळी लिहिल्या, टोपण लावलं, परत केलं.
"हे तुमच्यासारखं चालतं. डावीकडे झुकून."

म्हणून पुन्हा पुलाजवळ.
सणाच्या तोंडावर सगळ्याचेच भाव चढतात,
कुंड्यांचे, पेनांचे.
अडतीस, म्हणाला पोरगा.
या खेपेला टोपणावर ओरखडा नव्हता.
तिनं ते दुकानातच माझ्या हातून काढून घेतलं,
म्हणाली, बाईंना काही सांगू नका,
निब मीच चालवीन.